थेंबरावांचा एक जोड

गुरुवारच्या प्रशिक्षणात सौर पॅनेलांच्या कंपनीच्या माणसाने प्लास्टिकच्या पिशवीतून तारांचा एक जळका जोड काढला आणि पहिल्या बाकावरच्या कारागिराच्या हातात दिला. "बघा आणि पुढे द्या," म्हणाला. करंगळीएवढी काळी वस्तू. एका बाजूने शेंगेसारखी फुगलेली, दुसऱ्या बाजूने मेणबत्तीसारखी ओघळलेली. बाकाबाकांवरून फिरत ती थेंबरावांपर्यंत आली. बाकी सगळ्यांनी ती उलटसुलट करून, हुंगून, "अरे बापरे" म्हणून पुढे दिली होती. थेंबरावांनी मात्र अशी झटकन सरकवली की जणू कुणी त्यांच्या तळहातावर निखाराच ठेवला.

"दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे जोड," माणूस सांगत होता. "दिसायला सख्खे भाऊ. एकमेकांत बसतात, टक् असा आवाजही येतो. मीटर लावा, सगळं ठीक दाखवेल. पण आत त्यांचा संसार जमत नाही. केसाएवढी फट राहते. रोज उन्हात तापायचं, रोज संध्याकाळी निवायचं. असं वर्ष जातं, दोन जातात, चार जातात. मग एक दिवस हे असं होतं. आणि मंडळी, तुमची पॅनेलं कौलांवर ठेवलेली नाहीत. तुम्ही कौलं काढून पॅनेलंच बसवता. ती म्हणजेच छप्पर. त्यांच्या खाली थेट लाकडाची रीप. आता तुम्हीच विचार करा."

थेंबराव विचारच करत होते. शेजारी त्यांची लेक वहीत सगळं उतरवून घेत होती.

"बाबा, पाणी हवंय का? घाम बघ किती आलाय."

"उकडतंय."

"भर उन्हात छपरावर उकडत नाही तुला. पंख्याखाली बरं उकडतं?"

थेंबराव हसले. पण ते हसू काही मिशीच्या वर गेलं नाही.

आता हे थेंबराव म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हे. हा माणूस चाळीस वर्षं लोकांची छपरं शाकारत आला, आणि गळती शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. कुठे गळतंय हे सगळ्यांना दिसतं हो, पण पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडेच. थेंबराव त्या खोलीत जमिनीवर उताणे पडायचे, अर्धा-अर्धा तास, आणि एका थेंबाचा माग काढत वाशावरून, रिपेवरून, पार आढ्यापर्यंत नजरेने चढायचे. घरातली माणसं त्यांना ओलांडून ये-जा करायची. लग्नाआधी सासुरवाडीला पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणे, मुलीकडे बघायच्या आधी त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "कोपऱ्यात गळतं वाटतं." सासऱ्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. तो मुलीसाठी दिला की छपरासाठी, यावर सासरच्या मंडळींत अजून दोन तट आहेत. बायकोचं मत विचाराल तर ती म्हणते, "मला काय विचारता? माझ्याकडे बघायला त्यांना लग्नानंतर वेळ मिळाला."

या माणसाचं एकच ब्रीद होतं: उघडं छप्पर टाकून जो शिडी उतरला, तो छपरावाला नव्हे. जेवण राहिलं तरी चालेल, ताप आला तरी चालेल, पण छप्पर मिटवल्याशिवाय उतरायचं नाही.

मग कौलांचे दिवस सरले आणि पॅनेलांचे आले. थेंबरावांनी आधी नाक मुरडलं. "सूर्य पकडायला निघालेत, पाऊस कोण अडवणार?" पण एकुलती एक लेक विजेचं शिकून परवाना घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिच्याबरोबर धंद्यात उडी घेतली. गल्लीत लोक तिला वायरमनबाई म्हणत. आधी चिडवायला म्हणत, नंतर फ्यूज उडाला की अगदी गोड आवाजात म्हणत. बापलेकीची जोडी झकास जमली. बाप कौलं उतरवायचा, रिपा ठोकायचा, पॅनेलं एकात एक अडकवत अशी बसवायचा की मुंगीलाही आत ओलं घेऊन जाता येऊ नये. लेक खालून तारा जोडायची. पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "पाणी तुझं, वीज माझी. तू माझ्या डब्याला हात लावायचा नाहीस, मी तुझ्या हातोडीला लावणार नाही." प्रत्येक कामाच्या शेवटी सरकारी कागदावर तिची सही असायची. वर छापलेलं वाक्य असायचं: यातला प्रत्येक जोड मी स्वतः केला आहे.

आणि असे सव्वीस कागद झाले होते. त्यातल्या पंचवीस कागदांवरचं ते वाक्य खरं होतं.

उरलेलं एक काम चार वर्षांपूर्वीचं, वृद्धाश्रमाचं. दुमजली इमारत, खाली जेवणाची मोठी खोली, वर झोपायच्या खोल्या; पण जेवणघराचा भाग एकमजलीच, पुढे आलेला, त्याला उतरतं छप्पर. तिथे शेवटची तीन पॅनेलं राहिली होती. त्या दिवशी लेकीची अक्कलदाढ काढायची होती, म्हणून ती गेली. तिची दाढ गेली आणि इकडे बापाची अक्कल गेली, असा तो दिवस.

दुपारी ढग चढले. वाऱ्याने ताडपत्री उडवून अंगणात नेली. थेंबराव घाईघाईने पॅनेल सरकवत होते आणि त्यांचा गुडघा एका तारेच्या टोकावर पडला. कडकन आवाज आला. जोडाचं तोंड फुटलं होतं. तो जोड नाही तर पॅनेल नाही, पॅनेल नाही तर छप्पर उघडं, आणि खाली अठरा म्हाताऱ्या माणसांची ताटं मांडलेली. लेकीला फोन लावला तर ती खुर्चीत तोंड उघडून बसलेली. थेंबरावांनी तिचा डबा उघडला. आत एक जोड सापडला, कुठल्याशा पंपाच्या कामातून उरलेला, दुसऱ्याच कंपनीचा. त्यांनी साध्या पकडीने तो तारेवर चेपला, समोरच्यात घातला. टक् आवाज आला. पॅनेल बसलं, छप्पर मिटलं, आणि दोन मिनिटांत असा पाऊस कोसळला की काय सांगावं. जेवणघरात एक थेंब आला नाही. थेंबराव भिंतीला टेकून स्वतःवरच खूश होऊन बघत बसले.

संध्याकाळी लेकीला सांगणार होते. पण तिचा गाल भाकरीसारखा फुगला होता, तिला बोलता येईना, ऐकायचीही इच्छा नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने मीटर लावला. सगळे आकडे बरोबर. थेंबरावांनी मनात म्हटलं, बरोबर आहे तर सांगायचं कशाला? झाकली मूठ. तिने सही केली.

तर ही ती झाकली मूठ, आणि गुरुवारी त्या बाकावर बसल्या बसल्या ती त्यांना भाजायला लागली.

शुक्रवारी सकाळी ते वृद्धाश्रमात हजर. "पन्हळ साफ करतो जरा," म्हणाले. मेट्रनबाईंना आश्चर्य वाटलं, कारण पन्हळ महिन्यापूर्वीच साफ झाली होती. या मेट्रनबाई म्हणजे धिप्पाड बाई, आवाज असा की बहिऱ्यांनाही श्रवणयंत्र काढून ठेवावंसं वाटे. "करा, करा," त्या म्हणाल्या, "आणि आमच्या स्वयंपाकघराचं धुराडंही बघा. पंधरा दिवस झाले, दुपारी जेवणघरात जळका वास येतो. आचारी शपथ घेऊन सांगतो, माझं काही करपलेलं नाही."

"आचाऱ्याचं नाहीच मुळी," कोपऱ्यातून एक म्हातारे म्हणाले. आयुष्यभर शिवणकाम केलेले हे शिंपीदादा. पाय थकले होते, नाक मात्र तिखट. "साठ वर्षं इस्त्री फिरवली मी. लोकर जळल्याचा वास वेगळा, सुती वेगळा. हा नायलॉनवर इस्त्री विसरल्याचा वास आहे. बरोबर साडेबाराला येतो, तीनला जातो. ऊन आलं की येतो, ढग आले की नाही. आता बोला."

थेंबरावांनी शिडी उचलली. ते माळ्यावर चढले. आढ्यापासून दुसरी रांग, धुराड्यापासून तिसरं पॅनेल. ती जागा त्यांना झोपेतही सांगता आली असती. खालून रीप बघितली. नव्या पिवळ्या लाकडावर बशीएवढा तपकिरी डाग पडला होता. चाळीस वर्षं ते छताला डाग बघत आले होते, पण पाण्याचे. हा पाण्याचा नव्हता. त्यांनी बोट टेकवलं आणि उचललं.

उतरताना शिंपीदादांनी विचारलं, "सापडली का गळती?"

"नाही हो," थेंबराव म्हणाले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा शिडीची शेवटची पायरी चुकले.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "काय झालंय तुम्हाला? भाजीत मीठ नाही, तरी बोलला नाहीत." लेक म्हणाली, "आई, सोमवारी वृद्धाश्रमाची वार्षिक तपासणी आहे. या वेळी मी तो नवा कॅमेरा आणलाय, गरम जागा लाल दिसते त्यात. छपरावर उभं राहायचं, फोटो काढायचा. कुठे काही तापत असेल तर लगेच कळतं." थेंबरावांनी ताट बाजूला सरकवलं.

म्हणजे सोमवारी सगळं बाहेर येणार. तिची सही खोटी ठरणार, परवाना जाणार, आणि तो कुणामुळे गेला हेही तिला कळणार. आणि सोमवारच्या आत ती रीप पेटली तर? खाली अठरा माणसं, त्यातली निम्मी काठीशिवाय न चालणारी. खरं तर त्या क्षणी तोंड उघडून तीन वाक्यं बोलायची होती. पण बापाचं तोंड लेकीसमोर उघडणं म्हणजे वळचणीचं पाणी आढ्याला चढवणं. थेंबरावांनी ठरवलं, शनिवारी लेक दुसऱ्या कामावर जाईल, तेवढ्यात आपण जाऊन तो जोड काढायचा आणि नवा घालायचा. अळीमिळी गुपचिळी.

शनिवारी अकराला ते छपरावर होते. कमरेला दोर, खिशात नवा जोड. एक अडचण होती. खालच्या विजेच्या खोलीत मुख्य स्विचची जी मोठी लाल मूठ आहे, ती फिरवून सगळं बंद करायला हवं. पण ती फिरवली की लेकीच्या मोबाईलवर त्याच सेकंदाला संदेश जाणार: वृद्धाश्रम बंद. आणि ती विचारणार. थेंबरावांनी मग छपरावाल्याची शक्कल लढवली. ऊन नाही तर वीज नाही, होय ना? मग ऊनच झाकू. त्यांनी त्या एका पॅनेलवर जाड ताडपत्री टाकली, चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या, आणि त्यांच्या मते ते पॅनेल झोपलं.

पॅनेल झोपलं असेलही. पण त्या रांगेतली अठरा पॅनेलं एका माळेत ओवलेली होती. एकाचे डोळे झाकले तरी बाकीची सतरा टक्क जागी होती आणि त्यांची सगळी वीज त्याच जोडातून वाहत होती. हे लेकीला ठाऊक होतं, कंपनीच्या माणसाला ठाऊक होतं. थेंबरावांनी विचारलं असतं तर त्यांनाही कुणी सांगितलं असतं.

वरच्या पॅनेलाचे स्क्रू गंजले होते. ते सुटेपर्यंत साडेबारा झाले. ऊन डोक्यावर आलं, आणि तो वास, नायलॉनवर विसरलेल्या इस्त्रीचा, आता त्यांच्या नाकासमोरच होता. त्यांनी पॅनेल वर सरकवून खाली लाकडाचा ठोकळा लावला, पोटावर आडवे झाले आणि आत डोकावले. जोड दिसला. तपकिरी, फुगलेला, रिपेला जवळजवळ चिकटलेला. त्यांनी रबराची मूठ असलेल्या दोन पकडी घेतल्या, दोन्ही बाजूंनी धरलं आणि ओढलं.

हलेना. पुन्हा ओढलं. वितळून एकजीव झालं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी दात ओठ खाऊन पीळ दिला आणि तो बोटभर सरकला.

आणि तिथे निळी ज्योत पेटली.

ठिणगी नव्हे. ठिणगी कशी, चमकते आणि जाते. ही गेलीच नाही. दोन टोकांच्या मधे एक निळा-पांढरा किडा बसला होता आणि चरचर आवाज करत होता, तेलात काहीतरी सोडल्यासारखा. रिपेतून धुराची बारीक रेघ निघाली. थेंबरावांची पाचावर धारण बसली. विचार करायला वेळच नव्हता. त्यांनी दोन्ही पकडी पुन्हा आत दाबल्या. आवाज थांबला. निळं गेलं.

त्यांनी हळूच हात सैल केले. तारेला ताण होता. जोड आपणहून मागे सरकायला लागला. चर्र. पुन्हा दाबलं. शांत.

आता मात्र प्रसंग ओळखण्यासारखा होता. सोडलं तर आग. धरून ठेवलं तर... धरून किती वेळ ठेवणार? पकडीच्या रबरातूनही ऊब यायला लागली होती. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. वाजत राहिला. हात मोकळे नाहीत. थांबला. परत वाजला. त्यांना न बघताही कळलं, लेकच आहे. (झालं होतं असं की मेट्रनबाईंनी आपण होऊन तिला फोन केला होता, "बाबांना जेवायला धरायचं का? ते छपरावर आहेत," म्हणून. चांगुलपणाही कधी कधी असा घात करतो.)

खाली अंगणात काठीचा टकटक आवाज आला. शिंपीदादा.

"काय हो थेंबराव, आसन लावलंय का? अर्धा तास झाला, पालीसारखे चिकटलाय!"

थेंबरावांनी पकडी आणखी घट्ट दाबल्या. ओरडून स्विच बंद करायला सांगितलं की विषय संपत होता. पण सांगितलं की दुसरा विषय सुरू होत होता. माणूस पहा कसा असतो. हातात आग धरलेली, आणि मनात विचार काय, तर लेकीला काय सांगायचं. घामाचा एक ओघळ नाकाच्या शेंड्याला येऊन लटकला. डाव्या हाताला कळ लागली, पकड ढिली पडली, आणि पुन्हा एकदा चर्र झालं. या वेळी रिपेच्या कडेवर एक लाल ठिपका उमटला आणि विझला नाही.

खालून ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

"दादा!" थेंबराव ओरडले. आवाज फाटला. "सगळ्यांना जेवणघरातून बाहेर काढा! आणि मेट्रनबाईंना सांगा, माझ्या लेकीला फोन लावा! तिला म्हणावं, बाबा वर आहे, जोड सुटतोय, चालू आहे!"

"काय चालू आहे?"

"वीज! आणि दादा, तिला सांगा... तिला सांगा की तो जोड मी केला होता. ती नव्हती तेव्हा. तिच्याच डब्यातला, दुसराच घातला. सांगा तिला!"

शिंपीदादांनी आयुष्यात पहिल्यांदाच उलट प्रश्न विचारला नाही. काठी टेकत ते जेवढ्या वेगाने गेले, तेवढ्या वेगाने ते वीस वर्षांत गेले नव्हते. आणि मेट्रनबाईंचा आवाज उठला. सगळी इमारत दणाणली. खुर्च्या सरकल्या. कुणी तरी म्हणालं, "माझा चष्मा!" कुणी म्हणालं, "आधी वाढलेलं तरी खाऊ द्या!" थेंबराव रिपेवरच्या त्या लाल ठिपक्याकडे बघत होते. तो वाटाण्याएवढा होता.

शिंपीदादा परत अंगणात येऊन दाराशी उभे राहिले. खालून बातम्या द्यायला लागले, कारण विजेची खोली आत होती आणि थेंबरावांना काही ऐकू येत नव्हतं.

"फोन लागला! मेट्रनबाई कानाला लावून खोलीकडे गेल्यात!"

"कुलूप आहे त्याला!" थेंबराव म्हणाले.

"किल्ली शोधतायत!... सापडली!... ही नाही म्हणतायत!"

"लाल मूठ, दादा! फिरवायची!"

"लेक तेच सांगतेय! आवाज येतोय तिचा!... उघडलं!... मूठ फिरत नाही म्हणतायत!"

चार वर्षांत ती मूठ कुणी फिरवलीच नव्हती. थेंबरावांच्या उजव्या पकडीचं रबर मऊ पडून बोटांना चिकटायला लागलं. लाल ठिपका आता नाण्याएवढा झाला होता. त्यांनी मान पुढे केली आणि त्यावर थुंकले. तोंड कोरडं पडलेलं, पुन्हा प्रयत्न केला. अर्धा ठिपका काळा झाला.

"दादा!"

"दोन्ही हातांनी धरलीय! अहो, रोज अठरा माणसं उचलतात त्या, मूठ काय..."

खालून ठण्ण असा आवाज आला.

"फिरली! फिरली हो! लेक म्हणते, सोडा!"

थेंबरावांनी सोडलं नाही. विश्वास बसेना. मग सोडायचं ठरवलं तर बोटं उघडेनात. जोड सुटून तार मागे गेली, काही झालं नाही, आणि तरी त्यांच्या हातांनी त्या पकडी तशाच धरून ठेवल्या होत्या. वीज चालू असताना जे ओतायची छाती नव्हती, ते शेजारच्या बाटलीतलं पाणी त्यांनी आता कोपराने रिपेवर पाडलं. वाफ आली. मग ते कपाळ पॅनेलाला टेकून पडून राहिले. पॅनेल कढत होतं, पण त्यांना कळलं नाही.

लेक पंधरा मिनिटांत आली. शिडी चढली. आधी मीटर लावला, मग बापाकडे बघितलं. पकडी एक एक करून त्याच्या हातातून सोडवल्या. तळव्याला फोड आले होते. शिव्या देण्याऐवजी ती फोड मोजत बसली, आणि थेंबरावांना तेच सगळ्यात जड गेलं. कुणी शिव्या दिल्या तर निदान उत्तर देता येतं.

"माझी दाढ काढली त्या दिवशी?" शेवटी तिने विचारलं.

"हो."

"चार वर्षं."

"तू मीटर लावलास तेव्हा बरोबर आलं होतं गं."

"बाबा, मीटरला काय विचारतोस? मला सांगायचं होतंस."

"पाऊस येत होता. छप्पर उघडं होतं."

"आणि आज? आज कुठला पाऊस होता? स्विच न पाडता हात घातलास. का, तर मला कळू नये म्हणून. मेला असतास तर मला काय कळलं असतं?"

थेंबरावांनी खिशातला नवा जोड कसाबसा बाहेर काढला. मग हळूच म्हणाले, "आता काढलाय ना. नवीन घाल. कुणाला कळणार आहे?"

लेकीने खाली बघितलं. अंगणात अठरा म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसून मान वर करून बघत होती. काहींनी ताटं बरोबर आणली होती.

"तू छपरावरून ओरडून सांगितलंयस," ती म्हणाली. "मेट्रनबाईंनी तर मला फोनवर शब्दन् शब्द ऐकवला. आणि नसतं ऐकलं कुणी, तरी सही माझी आहे."

सोमवारी ती तो जळका जोड पिशवीत घालून विजेच्या कार्यालयात गेली आणि स्वतःच अर्ज दिला. साहेबाने चष्म्यावरून बघितलं. असा अर्ज त्याच्याकडे कधी आला नव्हता. तक्रारी येत, त्याही दुसऱ्यांच्या. त्याने परवाना ठेवून घेतला. म्हणाला, नवीन काम बंद. सव्वीसच्या सव्वीस छपरं उघडा, प्रत्येक जोड तपासा, कोणी केला ते लिहा, आणि मग या.

घरी बायकोने थेंबरावांच्या हाताला मलम लावता लावता अशी काही खरडपट्टी काढली की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला. लेक मात्र आठ दिवस कामापुरतंच बोलली. "शिडी." "दोर." "स्क्रू." छपरं उघडायला तिला बाप लागत होता. पण तिच्या डब्यावर आता कुलूप होतं, आणि प्रत्येक छपरावर चढण्याआधी ती विचारायची, "इथे काही केलंयस?" थेंबराव म्हणायचे, "नाही." ती ऐकून घ्यायची आणि तरीही एक एक जोड उघडून बघायची. हे तेरा छपरं चाललं. दर वेळी तो एक शब्द उच्चारताना थेंबरावांचं वय वर्षाने वाढत असेल.

चौदावं छप्पर एका छापखान्याचं होतं. मूठ फिरवलेली, मीटर शून्य. थेंबराव वरच्या बाजूला स्क्रू सांभाळत बसले होते. खाली वाकलेली लेक बराच वेळ उठली नाही.

"काय झालं?"

तिने आणखी आत हात घातला.

"अगं, काय सापडलं? मी नाही केला हं इथे! शपथ घेतो!"

"तू नाही," ती म्हणाली. "मी केलाय." तिने तार वर धरली. जोड एकाच कंपनीचा होता, दोन्ही बाजूंनी. पण आतली तार अर्धीच चेपलेली होती. हलकेच ओढली तर निघून हातात आली. "माझ्याच पकडीने, माझ्याच हाताने. घाई असेल. नाही तर तुझ्याशी बोलत असेन."

थेंबरावांनी इकडे तिकडे बघितलं. छपरावर चिटपाखरू नव्हतं. ते तिच्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या नावावर टाक. नाही तरी माझं नाव गेलंच आहे. एक काय, दोन काय."

लेकीने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते सरकत परत आपल्या जागी गेले. "बरं, बरं. नाही बोललो."

तिने मांडीवर वही घेतली. कितवं छप्पर, कितवा जोड, काय दोष. शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, ठळक, आणि खाली सही केली. मग डब्याचं कुलूप काढलं, नवा जोड घेतला, तार सोलली, चेपली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"बाबा, इकडे ये. तूही बघ."

"मी काय बघणार? मला काय कळतं त्यातलं?"

"गळती शोधतोस ना चाळीस वर्षं? बघ, फट दिसतेय का कुठे."

थेंबराव दोराला धरून जवळ आले, छपरावर आडवे झाले, आणि फोड सुकलेले दोन्ही हात पाठीमागे धरून, नाक जोडाच्या बोटभर अंतरावर नेऊन बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

"थोडा डावीकडे फिरव," ते म्हणाले.

तिने फिरवला.